रिठ्याचा फेस आणि कुरळे केस

'शाम्पू' हा शब्द आपल्याला इंग्रजीकडून परत मिळालेला आहे. 'चाँपना' म्हणजे दाबणे, रगडणे. या हिंदी क्रियापदाचे 'चाँपो' हे आज्ञार्थी रूप अठराव्या शतकात कंपनी सरकारच्या गोऱ्या नोकरांच्या कानी पडले आणि त्यांनी ते आपल्या भाषेत नेले. इंग्रजीत हा शब्द १७६२ पासून आढळतो, पण पुढची जवळजवळ शंभर वर्षे त्याचा केस धुण्याशी संबंध नव्हता. शाम्पू करणे म्हणजे अंग रगडून देणे. मराठीत आपण थकल्याभागल्याचे पाय चेपून देतो, तेच. पाटण्यात १७५९ साली जन्मलेला शेख दीन मुहम्मद हा गृहस्थ आयर्लंडमार्गे इंग्लंडात गेला, लंडनमध्ये १८१० साली त्याने हिंदुस्थानी पद्धतीचे भोजनगृह काढले, त्यात तो बुडाला, आणि मग १८१४ साली ब्रायटनच्या समुद्रकिनारी वाफेच्या स्नानाचे व अंगमर्दनाचे दुकान थाटून त्याने नाव कमावले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांच्या पदरी तो 'शाम्पूइंग सर्जन' होता. १८२२ साली त्याने या विद्येवर इंग्रजीत ग्रंथही लिहिला. त्यात संधिवात आहे, पक्षाघात आहे. केसांचा फेस मात्र शोधूनही सापडणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोके चोळून धुण्याला हा शब्द लागू झाला, पुढे तो धुण्याच्या द्रव्यालाच चिकटला आणि बाटलीत बसून मुंबईच्या बंदरावर उतरला. शब्दांच्या अशा परतीच्या प्रवासाचे आपल्याला कौतुक वाटते. परंतु या प्रवासात केसांचे काय झाले, आणि त्यातही कुरळ्या केसांचे काय झाले, याची कथा अधिक बोधक असून तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही.

बाटली येण्यापूर्वी आपल्याकडे रिठा आणि शिकेकाई होती. या दोन्ही शब्दांचा वंश निरनिराळा आहे. रिठा हा संस्कृत 'अरिष्टका'चा वंशज. बडोद्याच्या मंडळींना तो गुजरातीतल्या 'अरीठा'मध्ये अधिक स्पष्ट ओळखू येईल. शिकेकाई दक्षिणेकडून आली. कानडीत 'सीगे' हे वेलीचे नाव आणि 'कायि' म्हणजे शेंग किंवा कच्चे फळ. बेळगावात बाजाराच्या एका टोकाला 'शिकेकाई' आणि दुसऱ्या टोकाला 'सीगेकायि' ऐकू यावे यात नवल नाही. रिठ्याला तिकडे 'अंटुवाळ' म्हणतात, तर हैदराबादच्या तेलुगू शेजारणीकडून 'कुंकुडुकाय' हा शब्द मराठी घरांत रुळलेला आढळतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे रीठा, आँवला आणि शिकाकाई हे त्रिकूट एका दमात उच्चारले जाते. एवढ्या भाषांत या दोन फळांना घरची नावे आहेत, यावरून त्यांचा संसारातला मुक्काम किती जुना आहे हे समजते.

रिठ्याचा एक जुना उल्लेख मात्र केसांच्या संदर्भात नाही, वस्त्रांच्या संदर्भात आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. कोणती वस्तू कशाने शुद्ध करावी याची यादी देताना तिथे 'कुतप' नावाची कांबळी अरिष्टकांनी शुद्ध करावीत असे सांगितले आहे. कुतप म्हणजे पहाडी बकऱ्याच्या लोकरीचे कांबळे. या एका विधानात पुढच्या दोन हजार वर्षांच्या गोष्टीचे बीज आहे. लोकर काय, रेशीम काय आणि माणसाचा केस काय, ही तिन्ही प्रथिनांची बनलेली असतात; लोकर आणि केस तर एकाच केराटिन कुळातली. जे द्रव्य काश्मिरी शाल किंवा घरातली पैठणी न दुखावता धुऊ शकते, ते डोक्यालाही चालते. आजही दागिने उजळण्यासाठी सोनार रिठ्याचे पाणी वापरतात आणि जरीचे शालू कोणी जपून घरी धुतलेच तर रिठ्यातच धुतात. केस धुण्याची विद्या ही आधी परटाची विद्या होती, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरू नये. पुढे जर्मनीत आणि अमेरिकेत जे घडले तेही नेमके कापडाच्या वाटेनेच घडले; ते ओघाने येईलच.

रिठ्याच्या सालीत आणि शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचे एक अंग तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला, म्हणून केसांवरचे तेल व धूळ पाण्याबरोबर वाहून जाते. रिठ्याला फेस भरपूर, शिकेकाईला बेताचा. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, आणि हाच तिचा मोठा गुण. केसाच्या पृष्ठभागावर खवल्यांचे आवरण असते, घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले. क्षारधर्मी पाण्यात ही कौले उचकटतात, केस एकमेकांत अडकतात, राठ होतात. सौम्य आम्लात ती मिटून बसतात. आपल्या पणज्यांना हे रसायन ठाऊक नव्हते, परंतु रात्री लोखंडी कढईत शेंगा भिजत घालाव्यात, सकाळी उकळून कोळाव्यात, जोडीला आवळकाठी, मेथी, नागरमोथा, संत्र्याची साल घालावी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या हाताखालून गेलेला होता. त्याआधी आदल्या रात्री खोबरेल तेल जिरवायचे. कोकण-गोव्याकडे जास्वंदीची पाने चुरडून त्यांचा बुळबुळीत रस केसांना लावण्याची चाल आहे. तो रस म्हणजे आजच्या भाषेतला कंडिशनर.

या सगळ्याला आता एक सोनेरी चौकट लागली आहे, तिच्याविषयी थोडे सावध राहिलेले बरे. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर काय होते, हे नरकचतुर्दशीच्या पहाटे कुडकुडत न्हालेल्या प्रत्येकाला आठवत असेल. शिकेकाई उकळून गाळून न घेता तिची पूड तशीच डोक्याला चोळली, तर तिचे कण केसांच्या कौलांवर घासत राहतात आणि न्हाऊन झाल्यावर तास-दोन तास विंचरत बसावे लागते. शिवाय हा सगळा उद्योग आठवड्यातून एकदा, पाणी तापवून, कोणीतरी न्हाऊ घालायला असताना करायचा असे. तो सुटला याला केवळ जाहिराती जबाबदार नाहीत; बायकांना वेळेवर घराबाहेर पडायचे होते, हेही एक कारण आहे.

आता कुरळ्या केसांकडे वळू. सरळ केसाचा आडवा छेद बहुधा गोलसर असतो, कुरळ्याचा चपटा. त्वचेखालील ज्या कोशातून केस उगवतो तो कोशच वाकडा असतो. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत ओघळत जाते. कुरळ्या केसाच्या वळणावळणांवर ते अडते. म्हणून कुरळा केस मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडा राहतो. प्रत्येक वळणावर खवले थोडे उचललेले असल्याने तो लवकर तुटतोही. ज्या द्रव्याने सरळ केस स्वच्छ व हलके होतात, त्याच द्रव्याने कुरळे केस पिंजल्यासारखे होतात, ते यामुळेच. हा केसांचा दोष नाही, भूमितीचा परिणाम आहे.

आपल्या परंपरेत या भूमितीचे कौतुक होते, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. संस्कृतात 'अलक' हा शब्दच मुळी कुरळ्या बटेसाठी आहे. 'अराल' म्हणजे वाकडे. पण 'अरालकेशी' हे नायिकेच्या स्तुतीचे विशेषण आहे. बुद्धमूर्तीच्या मस्तकावर शंखाच्या वळशासारखे उजवीकडे वळलेले केस असतात, कारण ते महापुरुषाच्या लक्षणांपैकी एक मानले गेले. अजिंठ्याच्या लेण्यांत ते पाहायला मिळतात. श्रवणबेळगोळचा ५७ फूट उंचीचा गोमटेश्वर सर्वसंगपरित्याग करून उभा आहे, तरी शिल्पकाराने त्याच्या डोक्यावर कुरळ्या केसांची वलये कोरण्यात हात आखडता घेतलेला नाही. बेळगाव-धारवाडचा हा सारा टापू ज्या प्राचीन देशात मोडत असे त्याचे नाव 'कुंतल', आणि कुंतल म्हणजे केस. या श्लेषावर कवींची नजर गेली नसती तरच आश्चर्य.

घरातली गोष्ट मात्र वेगळी. तान्ह्या मुलाचे कुरळे जावळ पाहून सगळ्यांना भरते येते. तीच मुलगी सात-आठ वर्षांची झाली की तिचे 'जावळ' एका रात्रीत 'झिंज्या' होते. तेल चोपडून, चापून-चोपून, कानामागे ओढून दोन वेण्या घातल्या की मुलगी घरंदाज दिसते. केस मोकळे सुटले की अवदसा. स्थळांच्या जाहिरातींत 'लांबसडक' हे विशेषण वर्षानुवर्षे मिरवत होते. 'कुरळे केस' ही पात्रता म्हणून नोंदलेली प्रस्तुत लेखकाच्या तरी पाहण्यात नाही. तेलाने आणि वेणीने हे केस निदान झाकले जात होते. साबण आला आणि ती झाकणही काढून घेतली गेली.

लीव्हर बंधूंचा सनलाइट साबण १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. हा कपड्यांचा साबण. अंगाचे साबण मागोमाग आले. साबण कसाही केला तरी क्षारधर्मीच राहतो. त्यात दख्खनच्या विहिरींचे पाणी जड. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका बनतो. बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो तोच हा. केसांवर तो बसला की केस निस्तेज, चिकट आणि तरीही राठ होतात. डोक्याला साबण लावू नये, असे जुन्या बायका बजावत, त्यात अंधश्रद्धा काडीचीही नव्हती. पुढे 'शिकेकाई साबण' निघाले आणि चांगले खपलेही. परंतु शिकेकाईचे नाव, वास आणि रंग घेतला तरी साबणाचा क्षारधर्म जात नाही. शिकेकाईचा जो मुख्य गुण, तिची सौम्य आम्लता, तीच त्या वडीत शिल्लक राहत नाही. आपल्याकडच्या अनेक 'आयुर्वेदिक' मालांची कथा या वडीहून फारशी निराळी नाही.

युरोपलाही हीच अडचण छळत होती. बर्लिनच्या हान्स श्वार्ट्‌सकॉफने १९०३ साली पाण्यात विरघळणारी शाम्पूची पूड काढली, त्याच्या कंपनीने १९२७ साली द्रवरूप शाम्पू आणला आणि १९३३ साली क्षारविरहित शाम्पू बाजारात आणला. या शेवटच्या पावलामागे कापडधंदा होता. लोकर व रेशीम रंगवणाऱ्या गिरण्यांना जड पाण्यात साका न धरणारे द्रव्य हवे होते. केम्निट्झ या गिरणगावातल्या ब्योमे कंपनीत हाइन्‍रिश बेर्ट्श या रसायनतज्ज्ञाने मेद-अल्कोहोलांपासून सल्फेटे तयार केली, आणि १९३२ साली 'फेवा' नावाची नाजूक कपडे धुण्याची पावडर निघाली. प्रॉक्टर अँड गँबल या अमेरिकी कंपनीचा रॉबर्ट डंकन १९३१ साली जर्मनीत फिरून या नव्या द्रव्यांची बातमी घेऊन गेला. कंपनीने १९३३ साली कपड्यांसाठी 'ड्रेफ्ट' आणि १९३४ साली केसांसाठी 'ड्रीन' काढले. ड्रीन हा कृत्रिम मलनाशकावर आधारलेला पहिला प्रसिद्ध शाम्पू. जड पाण्यातही साका नाही, भरपूर फेस, लख्ख सफाई. फक्त ही सफाई इतकी लख्ख होती की केसांचे स्वतःचे तेलही त्यात धुऊन निघे, आणि पुढे त्यात केस मऊ राखणारी द्रव्ये घालावी लागली.

सोडियम लॉरिल सल्फेट, आणि त्याचा थोडा मवाळ भाऊ सोडियम लॉरेथ सल्फेट, यांनी पुढची सत्तर वर्षे जगाची डोकी धुतली. ही द्रव्ये स्वस्त, आणि त्यांचा फेस देखणा. फेस आणि स्वच्छता यांचा वस्तुतः अगदी थोडा संबंध आहे. पण फेस दिसतो आणि स्वच्छता दिसत नाही, म्हणून विकला जातो तो फेस. तुलनेने सौम्य द्रव्ये नव्हती असे नाही. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात जॉन्सन कंपनीने लहान मुलांसाठी डोळ्यांना न झोंबणारा शाम्पू काढला तेव्हाच ती वापरात आली होती. ती मोठ्यांच्या बाटलीत फारशी आली नाहीत, कारण मोठ्यांनी डोळे मिटून घ्यावेत अशी अपेक्षा असते.

या फेसाच्या काळात कुरळ्या केसांच्या माणसांवर काय गुदरले याची सर्वांत ठळक नोंद अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासात आहे. सारा ब्रीडलव्ह ही गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या आईबापांची मुलगी १८६७ साली लुइझियानात जन्मली. ती धोबीण होती. म्हणजे इथेही कापडाची वाट आलीच. केस गळू लागल्याने तिने उपाय शोधले आणि १९०६ पासून मॅडम सी. जे. वॉकर या नावाने ती केसांचे मलम व वनस्पतीजन्य शाम्पू विकू लागली. घरात नळाचे पाणी नसलेल्या बायका महिनोन्‌महिने डोके धूत नसत, धुतले तर कडक क्षाराच्या साबणाने. वॉकरबाईंच्या पद्धतीत नियमित आणि हलक्या हाताने धुण्यावर भर होता. हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना तिने विक्रेत्या म्हणून उभे केले. तिच्या पद्धतीत तापवलेल्या कंगव्यालाही स्थान होते, त्यामुळे तिने केस जगवले की केस सरळ करायला शिकवले, हा वाद तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनीही मिटलेला नाही. त्यानंतर कॉस्टिकयुक्त रसायनांनी केस कायमचे सरळ करण्याची साथ आली. १९६० च्या दशकात कृष्णवर्णीय तरुण-तरुणींनी केस आहेत तसे, गोल पसरलेले ठेवले, तो एक राजकीय उठाव होता. आणि तरीही केसांच्या नैसर्गिक पोतावरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करू नये असा कायदा कॅलिफोर्नियाने केला तो २०१९ साली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात केस सरळ करणारी रसायने वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. असा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करीत नाही. पण दुर्लक्षही करू देत नाही.

स्त्रीच्या केसांवर हुकमत तिची की समाजाची, हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले, ही आपल्या सुधारणेच्या इतिहासातली एक विलक्षण घटना आहे. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. केशवपनाचे क्रौर्य आणि वेणी घट्ट घालण्याची सक्ती यांना एका तागडीत घालता येणार नाही, घालूही नये. परंतु केस हे बाईच्या मर्यादेचे मोजमाप आहे ही समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे, आणि पहिली प्रथा गेली तरी ती समजूत मागे राहिली. २००० नंतर आपल्या शहरांतल्या ब्युटी पार्लरांतून केस सरळ करून घेण्यासाठी ज्या रांगा लागल्या, त्यात लग्न ठरलेल्या मुलींची संख्या मोठी होती.

भारतात सनसिल्क १९६४ साली आला. तोवर शाम्पू ही मूठभर शहरी घरांतली चैन होती. ती मोडली तमिळनाडूतल्या कडलूर या गावातून. तिथले चिन्नी कृष्णन यांनी गरिबाला परवडेल अशा लहान पुडीत माल विकण्याची कल्पना धरली. त्यांच्या मुलांनी 'वेल्व्हेट' शाम्पू पुडीतून विकला, आणि त्यांतलेच एक सी. के. रंगनाथन यांनी वेगळे होऊन १९८३ साली वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'चिक' काढला. खेडोपाडी जाऊन मुलांची डोकी चारचौघांत धुऊन दाखवायची, धुतलेल्या केसांना हात लावून पाहा म्हणायचे, रिकाम्या पुड्या आणून देणाऱ्यास भरलेली पुडी मोफत द्यायची, अशा युक्त्यांनी पुडी घरोघर गेली. पानपट्टीच्या ठेल्यावर लटकणारी ती रंगीत माळ म्हणजे शिकेकाईच्या कढईचा खरा शेवट. या पुडीने गरीब स्त्रीला स्वस्तात आणि झटपट डोके धुण्याची सोय दिली, हे तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मात्र पुडीत जे होते ते सरळ केसांना, रोजच्या धुळीला आणि फेसाच्या हौसेला समोर ठेवून केलेले होते.

कुरळ्या केसांची बाजू घेणारे पहिले लोकप्रिय पुस्तक यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. मूळची इंग्लंडची आणि न्यूयॉर्कमध्ये सलून चालवणारी लॉरेन मॅसी हिने 'कर्ली गर्ल' हे पुस्तक एका सहलेखिकेसह लिहिले. २०११ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. तिचे म्हणणे थोडक्यात असे: सल्फेटयुक्त शाम्पू सोडा, कारण तो कुरळ्या केसाचे जेमतेम असलेले तेल काढून नेतो; सिलिकोनही सोडा. यातले दुसरे पथ्य पहिल्यातून निघते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शाम्पूतच सिलिकोन घालण्याची पद्धत पडली. ते केसावर गुळगुळीत थर देते, पण त्याचे बरेच प्रकार पाण्याने निघत नाहीत. ते काढायला पुन्हा कडक सल्फेट लागते, आणि त्याने केस कोरडा झाला की पुन्हा सिलिकोन. या रहाटगाडग्यातून बाहेर पडायचे तर दोन्ही एकदम सोडावी लागतात. इथवर तिचा विचार तर्कशुद्ध आहे. शाम्पूच नको, नुसत्या कंडिशनरने डोके धुवा, हा तिचा पुढचा आग्रह मात्र आपल्या दमट, घामट हवेत सर्वांना मानवण्यासारखा नाही. पणजी किंवा वास्कोच्या पावसाळ्यात घाम, तेल आणि बुरशी यांचे डोक्याच्या त्वचेवर चांगलेच सख्य जमते, आणि कोंड्याचा त्रास असणाऱ्याने त्वचा न धुणे म्हणजे कोंड्याला आमंत्रण.

गंमत अशी की या पद्धतीतले पुष्कळसे आपल्या घरात आधीपासून होते. न्हाण्याआधी तेल जिरवणे घ्या. मुंबईत मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतील आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांच्या तुलनेत केवळ खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज लक्षणीय कमी होते, कारण त्याचे लहान व सरळ रेणू केसाच्या आत शिरू शकतात, असे त्यांना आढळले. ही कंपनी खोबरेल तेलच विकते, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. पण तेल धुण्याआधी लावण्याची जी रीत आपल्याकडे आहे तिला या प्रयोगाने आधार दिला हेही खरे.

आता प्रत्यक्ष निवडीविषयी. दुकानात बाटली हाती घेतली की पुढची बाजू न वाचता मागची वाचावी. घटकांची नावे साधारणतः प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असतात. पाण्यानंतर लगेच लॉरिल किंवा लॉरेथ सल्फेट असेल तर तो शाम्पू कुरळ्या केसांच्या रोजच्या वापराचा नाही, मग पुढच्या बाजूला 'सौम्य' असे कितीही ठळक छापलेले असो. डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बिटेन, सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट ही नावे सुरुवातीला आली तर बरे. 'नारळापासून बनविलेले' या शब्दांना भुलू नये. यांतली सौम्य द्रव्ये नारळापासून होतात तशी ती कडक सल्फेटेही खोबरेल किंवा ताडफळाच्या तेलापासूनच होतात. 'रसायनमुक्त' या शब्दाला तर काही अर्थच नाही. रिठ्याचे सॅपोनिनही रसायनच आहे. आम्लतेचा आकडा पाच-साडेपाचच्या आसपास असलेला चांगला, पण तो बाटलीवर क्वचितच छापतात. ब्राझीलमधील त्वचारोगतज्ज्ञांनी २०१४ साली १२३ शाम्पू तपासले तेव्हा हा आकडा साडेतीनपासून नऊपर्यंत निघाला. म्हणजे एकाच नावाखाली सौम्य आम्ल ते साबणासारखा क्षार, सगळे काही विकले जात होते. ज्याला शंका असेल त्याने औषधांच्या किंवा प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातून आम्लता तपासण्याची कागदी पट्टी आणावी. खर्च किरकोळ आहे.

वापरण्याची रीत निवडीइतकीच महत्त्वाची. शाम्पू थेट डोक्यावर न ओतता मगभर पाण्यात मिसळावा. आपल्या आज्या शिकेकाईचे पाणीच वापरत, लगदा नव्हे. तो त्वचेला बोटांच्या पेरांनी लावावा, नखांनी नव्हे, आणि केसांची लांबी चोळू नये. खाली ओघळणारे पाणी तिला पुरते. केस डोक्यावर गोळा करून चोळण्याची चित्रे जाहिरातीत शोभतात, कुरळ्या केसांत त्याने फक्त गुंता होतो. मग टोकांना कंडिशनर, किंवा जास्वंदीचा रस, किंवा अळशी उकळून गाळलेला चीक. विंचरायचे ते ओले असतानाच, रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून वर. बोअरवेलचे जड पाणी असेल त्यांनी महिन्यातून एखाद वेळी थोडा कडक शाम्पू वापरून साठलेला थर काढावा, आणि शेवटच्या तांब्यात लिंबाचे चार-सहा थेंब टाकावेत.

केस पुसण्यासाठी या नव्या पद्धतीच्या प्रचारक जाडजूड टॉवेल वर्ज्य मानतात. त्याचे फासे केसांत अडकतात. जुना, मऊ झालेला सुती सदरा घ्यावा, त्यात केस खालून वर हलके दाबावेत, झटकू नयेत, असे त्या सांगतात. आपल्या घरात यासाठी सोलापुरी पंचा असे. धुऊन धुऊन विरत आलेला पंचा न्हाणीघराच्या दाराशी खास डोक्यासाठी वेगळा ठेवलेला असे, आणि तो कोणी फडके म्हणून वापरला तर घरात रामायण घडे.